आपलंही माप



आजचे श्लोक: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७.

ध्यानाबद्दल सांगता सांगता भगवंत इथे जेवण आणि झोपेवर येतात. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, उपाशी राहणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. जेवण, काम, झोप, जाग सगळं बेतानं असेल, तरच योग दुःख दूर करतो.

माझी मावसबहीण बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा सणसवाडीला आमच्या घरी आली, तेव्हा एकदम गप्प होती. आठ दिवस जिनं ज्यांचं सगळं पाहिलं, त्या आजी वॉर्डात गेल्या होत्या. म्हणाली, "दादा, सेवा हा धर्म म्हणतात ना? मग मी इतकी थकते का? माझ्यात सेवाभावच कमी असेल."

मी तिला हेच श्लोक वाचून दाखवले. वॉर्डात ती पेशंटचा इनटेक-आउटपुट चार्ट भरते. पोटात किती गेलं, बाहेर किती पडलं, सगळं मिलिलिटरमध्ये. विचारलं, "तुझा चार्ट कुठाय?" जरा वेळानं म्हणाली, "दोन दिवस चहावरच चाललंय."

ज्ञानेश्वरीतही माउली इथे मोजमापाचीच भाषा वापरतात. आमच्या सणसवाडीत कंपन्यांतली मशीनसुद्धा मेंटेनन्ससाठी थांबवतात. म्हणून मशीन कामचुकार ठरत नाही. मग माणसानं झोप घेतली की सेवाभाव कसा कमी होईल?

हे तिच्या एकटीचंही नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यांच्या पाहणीत भाग घेतलेल्या एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. निवासी डॉक्टरांसाठी त्यात शिफारस आहे: आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास काम, एक दिवस सुट्टी, रोज सात-आठ तास झोप. म्हणजे बेतानं काम आणि बेतानं झोप! आणि ड्युटी लावणं विद्यार्थ्याच्या हातात नसतं, त्यामुळे हे श्लोक ड्युटी लावणाऱ्यांनीही वाचायला हवेत.

पण आजी गेल्याचं दुःख नुसत्या झोपेनं जाणार नाही, हेही खरं. ते कुणाजवळ तरी बोलायला हवं. अर्जुनानं रणांगणावर अंग थरथरतं, तोंड कोरडं पडतं, हे कृष्णाला स्पष्ट सांगितलं. त्याच्या त्या रडण्याच्या अध्यायालाही परंपरेनं 'योग'च म्हटलंय: अर्जुनविषादयोग. दुःख बोलून दाखवणं हीसुद्धा साधनेची सुरुवात असते.

आजचा नेम: तुम्ही नर्सिंग, मेडिकल, फिजिओथेरपी किंवा समाजकार्य शिकत असाल, तर आज एक जेवण शांत बसून करा, वेळेवर झोपा आणि मनातलं एका माणसाला सांगा. जवळ कुणीच नसेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे: १४४१६. आणि घरात असं कुणी शिकत असेल, तर आज त्यांना "पेपर कसे गेले?" याआधी "जेवलीस का? जेवलास का?" एवढं विचारा.

राम कृष्ण हरी!