गालावरचे वण

'तारुण्यपीटिका' हा गोंडस शब्द ज्याने घडवला, त्याला त्या कधी झाल्या नसाव्यात. घरात आपण मुरूमच म्हणतो. ते वर्षानुवर्षे मुक्काम करतात आणि जाताना गालावर खड्डे ठेवून जातात. ते बुजवायला एखादा तरुण डॉक्टरकडे निघाला, की वडीलधारी मंडळी म्हणतात, "रूपात काय आहे? गुण पाहावेत!" हीच मंडळी स्थळ पाहायला गेली म्हणजे आधी काय पाहतात, ते सांगायला नकोच.

नाकावरचे काळे ठिपके पाहून आपण पोराला सहज विचारतो, "तोंड धुतोस की नाही?" वस्तुतः तो काळेपणा मळाचा नव्हेच. उघड्या रंध्रातल्या तेलाला आणि रंगद्रव्याला हवा लागून ते काळवंडते. नरकचतुर्दशीला उटणे खसाखसा चोळा, ठिपके जायचे नाहीत. कातडी मात्र चिडेल. आपण कातडीवर शील वाचू पाहतो, आणि न केलेल्या अपराधाची लाज त्याच्या पदरात टाकतो.

शिवाय "वयाने जातील" म्हणून आपण जी वर्षे घालवतो, त्याच वर्षांत हे खड्डे पडतात. हट्टी मुरुमांवरचे आयसोट्रेटिनॉइन अमेरिकेत १९८२ सालीच मान्य झाले. डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचे कडक औषध, पण आहे. मग वण पुसू पाहणे हा नटवेपणा कसा? सुयांनी, लेसरने ते उथळ होतात, पुरते जात नाहीत. पणतीचा उजेड कडेने पडला की अधिकच खोल दिसतात. म्हणून तो फराळाला दिव्याकडे पाठ करून बसतो.