जिथे सोडली, तिथून

ओंकारेश्वरच्या घाटावर संकल्प सोडताना परिक्रमावासी एका छोट्या कुपीत नर्मदेचं पाणी भरून घेतो. पुढचे सारे दिवस ही कुपीच त्याची मैया. रोज तिची पूजा, आरती आणि मगच चाल. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, मिळेल त्या सदाव्रतावर राहायचं, चातुर्मासात एका जागी मुक्काम करायचा. परंपरेचा हिशेब आहे तीन वर्षं, तीन महिने आणि तेरा दिवसांचा. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही तीर धरले तर अडीच हजार किलोमीटरांहून अधिक वाट.

नोकरी, शेती, आजारी आईवडील, मुलांच्या परीक्षा यांतून एवढा काळ कोण काढणार? म्हणून पुण्या-नाशकातले चार-पाच मित्र ठरवतात, की दर हिवाळ्यात पंधरा दिवस निघायचं, एक टप्पा चालायचा, परतायचं आणि पुढच्या वर्षी तिथूनच पुढे निघायचं. याला खंड परिक्रमा म्हणतात. नावातच ‘खंड’ आहे, आणि आपल्याकडे खंड पडला की व्रत मोडलं असं मानतात. मग अशी तुकड्यातुकड्यांनी केलेली परिक्रमा, परिक्रमा ठरते का?

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. परिक्रमेचं सारं बळ परतीची वाट बंद करण्यात आहे. संध्याकाळी कुठे पाठ टेकायची हे ठाऊक नसतं. दार उघडेल का, पीठ मिळेल का, हे दुसऱ्याच्या हातात असतं. मी कोण, माझं पद काय, हे हळूहळू गळून पडतं ते या पराधीनतेत. परतीचं तिकीट खिशात घेऊन चालणाऱ्याचा अहंकार पंधराव्या दिवशी पुन्हा आपल्या खुर्चीत जाऊन बसतो. खंड परिक्रमेच्या बाजूने बोलणाऱ्याने हे नुकसान आधी कबूल करायला हवं.

पण मग अमृतलाल वेगडांचं काय करायचं? शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले, जबलपूरमध्ये चित्रकला शिकवणारे वेगड १९७७ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना नर्मदेकाठी चालायला निघाले. पहिला टप्पा जबलपूर ते मंडला. पुढे वर्षानुवर्षं ते असेच टप्प्याटप्प्याने चालत राहिले. कधी विद्यार्थी सोबत, कधी मित्र, पुढे पत्नी कांताबाईही. ‘सौंदर्य की नदी नर्मदा’सारखी पुस्तकं त्या चालण्यातून आली. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा नर्मदेचं नाव त्यांच्या नावापासून वेगळं काढता येत नव्हतं. त्यांच्या पायांना खंड होता, नदीशी जडलेल्या नात्याला नव्हता.

तुकड्यांनी चालल्यामुळेच त्यांना एक गोष्ट दिसली. जबलपूर ते मंडला या ज्या वाटेने ते प्रथम गेले, तिच्यावर पुढे बरगी धरणाचं पाणी पसरलं. एका वर्षीची पायवाट नंतरच्या काळात जलाशयाच्या तळाशी होती. खाली इंदिरासागरात २००४ मध्ये हरसूद गाव गेलं. सरदार सरोवराने शूलपाणीच्या झाडीतली जुनी वाट बुडवली आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या आपल्या काठावरची गावंही. आज दक्षिण तीरावरचे बरेच परिक्रमावासी शहादा, प्रकाशा, तळोदा असा वळसा घालून जातात. प्रकाशाला तर काठ तापीचा. म्हणजे एका दमात चालणाऱ्यालाही काठ सलग मिळत नाही. खंड आता नदीच्या अंगावरच आहे.

परंपराही वाटते तितकी ताठर नाही. चातुर्मासाचा थांबा तिनेच सांगितला आहे. दक्षिण तीर संपतो तिथे, विमलेश्वराहून, परिक्रमावासी नावेत बसून समोर मिठीतलाईला उतरतात, आणि पात्र न ओलांडण्याचा नियम तरी शाबूत राहतो, कारण तो समुद्र आहे, मैया तिथे त्याला मिळालेली आहे. गुजरातेत तिलकवाडा परिसरात नर्मदा उत्तरेकडे वळते. तिथे चैत्रात एका दिवसाची उत्तरवाहिनी परिक्रमा होते, आणि तिच्यात नदी चक्क नावेने पार करतात. जपानमध्ये शिकोकू बेटावर कोबो दाइशींच्या ८८ मंदिरांची सुमारे १,२०० किलोमीटरची फेरी आहे. ती एका दमात करण्याला आणि तुकड्यांनी करण्याला तिथल्या भाषेत दोन वेगळी नावं आहेत, आणि दोन्ही रीती मान्य आहेत.

महाराष्ट्राला याचं उत्तर दूर शोधायला नको. गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस, सात रात्री वीणा खाली टेकवायची नाही. पण एकच माणूस सात दिवस वीणा घेऊन उभा राहतो का? पहारे लागतात. पहाटे तीनला एकजण झोपेतून उठून येतो, दुसऱ्याच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतो, आणि पहिला घरी जाऊन झोपतो. त्याने सोडली म्हणून सप्ताह खंडला असं कोणी म्हणत नाही. एकटा तुटक असतो, सगळे मिळून अखंड.

मित्रांसोबत चालण्याचा अर्थ इथे लागतो. एकट्याचा संकल्प घरच्या व्यापात विरघळतो. दुसरं वर्ष चुकतं, तिसरं विसरतं. चौघांचा संकल्प कोणीतरी जागता ठेवतं. एकाचा गुडघा गेला तर त्याच्यासाठी टप्पा लहान होतो. एखादा मित्र मधल्या वर्षी जग सोडून जातो, आणि उरलेले त्याच घाटावर परत येतात तेव्हा त्याच्या वाटचंही चालतात. हे एका दमात संपलेल्या परिक्रमेत घडलं नसतं.

मात्र शिस्त हवी. जिथे थांबलो, त्याच घाटावरून, त्याच तीरावरून पुढची चाल सुरू व्हायला हवी. गुरुचरित्राचं पारायण सात दिवसांत वाटून करतात, पण कठीण अध्याय गाळून पुढचं पान कोणी उघडत नाही. तशीच चढाची, निर्जन, कंटाळवाणी मजल गाडीने ओलांडली तर तिथे खरा खंड पडतो, मग चाल सलग असो वा तुटक.

आणि दोन टप्प्यांच्या मध्ये ती कुपी कुठे असते? देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी. अकरा महिने तिच्यापुढे दिवा लागतो. पाहुणे आले की मुलं विचारतात, हे पाणी कसलं, आणि घरातली आजी सांगते, अजून अमरकंटक गाठायचंय तिला. डिसेंबर आला की ती पुन्हा पिशवीत जाते, आणि मागच्या वर्षीच्या घाटावर तिचं झाकण उघडून त्यात नदीचं ताजं पाणी भरलं जातं.