श्रद्धेची मुखत्यारी

१८९३ साली पुण्यात शारदा सदन या विधवांना आश्रय व विद्या देणाऱ्या संस्थेवरून जो कज्जा पेटला, तो पक्षाभिमानाचा वाद म्हणून आता विस्मृतीत गेला असला, तरी त्याच्या तळाशी असलेला प्रश्न अद्याप निकालात निघालेला नाही. आश्रयास आलेल्या बालविधवेच्या श्रद्धेची मुखत्यारी तिच्या पालकांकडे, आश्रयदात्याकडे, की तिच्या स्वतःकडे, असा तो प्रश्न होय.

ज्यांच्यावर फिर्याद होती त्या पंडिता रमाबाईंनी स्वतःपुरता या प्रश्नाचा निवाडा पूर्वीच केला होता. आईबापांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे सांगत वाढलेल्या या विदुषीला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८८२ साली वैधव्य आल्यावर त्या पुण्यास आल्या, येथे आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्षही दिली. पुढल्याच वर्षी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पुणेकरांनी त्यांना परक्यांच्या आज्ञेत गेलेली मानले. वास्तविक तिकडील धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डीनशी, झालेला त्यांचा पत्रव्यवहार अगदी उलट दाखला देतो: त्रैक्याचा सिद्धान्त किंवा चर्चचा अधिकार केवळ परंपरेने सांगितला म्हणून मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या, कारण एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेल्या माणसाने दुसऱ्याच्या जोखडाखाली मान का द्यावी, हे त्यांना उमगत नव्हते. वाँटेजच्या साध्वींना हा अहंकार वाटला. मला तो श्रद्धेचाच एक कठोर प्रकार वाटतो.

अशा बाईने १८८९ साली मुंबईत उघडलेले व पुढल्या वर्षी पुण्यास आणलेले सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असा करार होता, आणि त्याच भरवशावर रानडे व भांडारकर सल्लागार मंडळात बसले होते. मुलींना आपापल्या उपासनेची मुभा होती. रमाबाई मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत, आणि ज्या मुली येऊन बसत त्यांना मज्जाव करीत नसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

करारभंग झाला की नाही, हे शब्दांवर ठरविणे सोपे आहे. पण ज्या घरात अन्न, वस्त्र, विद्या आणि माया ही सारी एकाच हातून मिळतात, त्या घरातील उघडे दार हे निव्वळ दार नसते, हे आक्षेपकांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. मात्र, हाच न्याय त्यांनी स्वगृही लावला नाही: केशवपनाला मान देणाऱ्या मुलीची संमती कोणी तपासली होती? दोन्ही पक्ष मुलीविषयी बोलत होते. तिला विचारावे, असे कोणास फारसे सुचले नाही.

याच सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी १८९३ सालीच धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या हिंदूच राहिल्या; तेव्हा दाराबाहेरची वाटही खुली होती, एवढे तरी यावरून म्हणता येते. कर्व्यांनी पुढे १८९६ साली विधवांसाठी स्वतंत्र आश्रम काढला, त्यात या सदनाची शिकवण किती आणि त्याचे भय किती, हे वेगळे करणे कठीण आहे.

दुष्काळातून वाचविलेल्या मुली घेऊन रमाबाई केडगावास गेल्या, तेथील मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होते, आणि तटस्थतेचा प्रश्न सुटला असला तरी भुकेल्या मुलीच्या होकाराचा प्रश्न अधिकच बिकट झाला. तेथे उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे भाषांतर हाती घेतले, ते संस्कृतप्रचुर न करता अल्पशिक्षित स्त्रीलाही मधल्या शास्त्र्यावाचून वाचता यावे अशा सोप्या मराठीत केले, आणि त्याच्या छपाईचे कामही मुक्तीतील स्त्रियांकडेच सोपविले.