टॅक्स क्रेडिट कागदावर ठरतं

एडिसन, न्यू जर्सी
फेब्रुवारी २०२६

चि. सोनू,


तुमच्या दारात इलेक्ट्रिक गाडी उभी राहिल्याचं ताईकडून कळलं. पहिली नवी कोरी गाडी, तीही परमुलखात स्वतःच्या कमाईची, याचा मला मनापासून आनंद आहे. तुझं पत्र मात्र काळजीचं आहे. करार सप्टेंबरमध्ये केला, गाडी नोव्हेंबरमध्ये मिळाली. डीलर म्हणतो साडेसात हजार डॉलरचं टॅक्स क्रेडिट मिळेल, जावईबापूंचे मित्र म्हणतात ती सवलत कधीच बंद झाली. तू विचारतेस, खरं कुणाचं?

दोघांपैकी कुणाच्याही सांगण्यावर जाऊ नकोस. गाडी पात्र आहे की नाही हे विकणारा ठरवत नाही आणि मित्रमंडळीही ठरवत नाहीत. तुमच्या घरातले चार-पाच कागद ते ठरवतात. ते कुठल्या क्रमाने वाचायचे तेवढं या पत्रात सांगते. लोकांची टॅक्स रिटर्न भरण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे, आणि या सवलतीइतका ऐकीव माहितीने घोटाळा झालेला विषय मी दुसरा पाहिला नाही.

घोटाळा होतो कारण नियम फार वेळा बदलले. २०१८ च्या सुमाराला ही सवलत कंपनीच्या दोन लाख गाड्या विकल्या गेल्या की आटत जायची. टेस्ला आणि जनरल मोटर्स त्यामुळेच यादीबाहेर गेल्या होत्या. ऑगस्ट २०२२ च्या कायद्याने गाडीची अंतिम जुळणी उत्तर अमेरिकेत व्हायला हवी अशी अट घातली. २०२३ पासून गाडीची किंमत आणि घेणाऱ्याचं उत्पन्न यांवर मर्यादा आल्या, त्याच वर्षीच्या एप्रिलपासून बॅटरीच्या सुट्या भागांची आणि खनिजांची अट आली. शेवटी ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांसाठी हे सगळंच संपवलं. म्हणून ज्याने ज्या वर्षी गाडी घेतली, त्याला त्या वर्षीचा नियम पाठ असतो आणि तोच तो पुढच्याला सांगतो.

आता तुमच्याकडे वळते. पहिला कागद कराराचा. कायद्याच्या दृष्टीने गाडी ‘घेतली’ तो दिवस गाडी घरी आली तो नव्हे. दोन्ही पक्षांना बांधून घेणारा लेखी करार झाला आणि त्यापोटी काही रक्कम भरली, की गाडी घेतली असं धरतात. रक्कम लहान असली तरी चालते, बदल्यात जुनी गाडी दिली असेल तरी चालते. या दोन्ही गोष्टी ३० सप्टेंबरपर्यंत झाल्या असतील, तर ताबा नोव्हेंबरमध्ये मिळूनही तुमचा हक्क शाबूत आहे. म्हणजे मित्र म्हणतात तसं दार सरसकट बंद झालेलं नाही. पण करार नीट वाच. त्यावर तारीख हवी, दोघांच्या सह्या हव्यात आणि पैसे भरल्याची पावती हवी. मागितल्यावर परत मिळणारी बुकिंगची रक्कम भरून नुसतं नाव नोंदवलं असेल, तर तेवढ्यावर करार झाला असं धरून चालू नकोस. आणि गाडी लीजवर असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. लीजच्या गाडीची सवलत गाडीची मालक असलेल्या कंपनीची असायची. ती हप्त्यात उतरली असेल तर उतरली, तुमच्या रिटर्नमध्ये तिला जागा नाही.

दुसरा कागद गाडीचा. दोन गोष्टी बघ, गाडी कुठे जुळवली आणि छापील किंमत किती. जुळणी कुठे झाली हे गाडीच्या नावावरून कळत नाही. ह्युंदाईची आयोनिक ५ आधी कोरियातून येत असे, म्हणून जुळणीची अट आल्यावर खरेदीदाराला ही सवलत नव्हती. २०२४ च्या शेवटी तीच गाडी जॉर्जियात बनू लागली आणि चित्र बदललं. म्हणून गाडीचा सतरा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, म्हणजे व्हिन, बघ. सुरुवातीला १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेत बनलेली, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको. अमेरिकेत बनलेल्या काही नव्या गाड्यांचा व्हिन ७ नेही सुरू होतो. ‘J’ म्हणजे जपान, ‘K’ म्हणजे कोरिया. पहिल्या अक्षरावर थांबू नकोस. वाहन सुरक्षा विभागाच्या व्हिन तपासणीत तो पूर्ण टाक, कारखान्याचं गावसुद्धा दिसेल.

किमतीसाठी काचेवर लावलेलं स्टिकर जपून ठेवलंस ना? एसयूव्ही, व्हॅन आणि पिकअपला मर्यादा ८०,००० डॉलर, बाकी गाड्यांना ५५,०००. ही मर्यादा कंपनीच्या छापील किमतीला आहे, तुम्ही मोजलेल्या रकमेला नाही. कारखान्यातच बसवलेल्या जादा सोयी तिच्यात धरायच्या, पोचवण्याचा खर्च आणि विक्रीकर धरायचा नाही. डीलरने चार हजार कमी केले म्हणून मर्यादेबाहेरची गाडी आत येत नाही. एखादी गाडी एसयूव्ही की सेडान हे दिसण्यावरून ठरवू नकोस. सरकारी इंधन लेबलवर जो वर्ग असतो तोच मानतात.

बॅटरीचं गणित तुम्हाला सोडवायचं नाही. खनिजांसाठी ३,७५० आणि सुट्या भागांसाठी ३,७५० अशी ही रक्कम दोन भागांत मिळते. चीनसारख्या देशांशी बांधलेल्या कंपन्यांचा माल बॅटरीत असेल तर गाडी बादच होते. हे कंपनीने सरकारला कळवायचं असतं. सरकारी यादीत तुमचं मॉडेल, त्याचं वर्ष आणि नेमका प्रकार शोध. त्यापुढे ७,५०० आहे, ३,७५० आहे की काहीच नाही, ते उतरवून घे.

तिसरा कागद तुमचा स्वतःचा, आणि इथे आपल्या लोकांची सर्वांत जास्त चूक होते. नवरा-बायको मिळून रिटर्न भरत असाल तर उत्पन्नाची मर्यादा तीन लाख डॉलर आहे, वेगवेगळं भरत असाल तर प्रत्येकी दीड लाख. तुम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये आहात, त्यातून कंपनीचे शेअर एकदम हाती आले की तीन लाख दूर राहत नाहीत. पण कायद्याने इथे एक सोय ठेवली आहे. गाडीचा ताबा मिळाला ते वर्ष किंवा त्याच्या आधीचं वर्ष, यांपैकी कुठल्याही एका वर्षी उत्पन्न मर्यादेत असलं तरी पुरतं. म्हणून २०२४ चं भरलेलं रिटर्न आधी काढ आणि फॉर्म १०४० ची ११ वी ओळ वाच. तिथला आकडा मर्यादेच्या आत असेल तर २०२५ मध्ये कितीही कमावलं असलं तरी ही अट पूर्ण झाली.

मात्र त्या ओळीतला आकडा खरा हवा. पुण्यातल्या बँकेत तुमच्या एनआरई ठेवी आहेत. त्यांच्या व्याजावर भारतात कर नाही, म्हणून पुष्कळजण ते इथे दाखवतच नाहीत. अमेरिकेत तुम्ही कराच्या दृष्टीने रहिवासी आहात, तेव्हा जगभरातलं उत्पन्न इथे मोजलं जातं. ते व्याज धर. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं येत असेल तर तेही धर. ते धरल्यावर मर्यादा ओलांडली जात असेल, तर ही सवलत तुमची नाही. तिच्यासाठी एक उत्पन्न लपवायचं आणि मग दरवर्षी ते लपवत राहायचं, हे तुमच्यासारख्यांनी करू नये. या देशात तुम्हाला अजून ग्रीन कार्डाचे, घराचे, मुलांचे कागद करायचे आहेत. स्वच्छ रिटर्नांची किंमत साडेसात हजारांहून कितीतरी मोठी आहे.

चौथा कागद डीलरने द्यायचा. गाडीचा ताबा देताना, किंवा फार तर त्यानंतर तीन दिवसांत, त्याने विक्रीचा अहवाल द्यायचा असतो. तो आयआरएसच्या, म्हणजे संघीय कर विभागाच्या, ऑनलाइन व्यवस्थेत नोंदवायचा आणि त्याची प्रत तुम्हाला द्यायची, हीही त्याचीच जबाबदारी. त्यावर नाव, व्हिन आणि रक्कम तपास. अहवाल आयआरएसने स्वीकारल्याची नोंदही मागून घे. ही नोंद नसेल तर बाकी सगळं चोख असूनही दावा फेटाळला जातो. डीलर नुसतं ‘मिळेल’ म्हणत असेल तर भांडू नकोस, शांतपणे हा कागद माग. त्याचं उत्तर त्यातच मिळेल.

त्याच अहवालावरून आणखी एक गोष्ट कळेल. सवलत तुम्ही खरेदीच्या वेळीच डीलरकडे वळवून किंमत कमी करून घेतली, की रिटर्नमध्ये मागायची ठेवली? वळवली असेल तर फॉर्म ८९३६ आणि त्याचं परिशिष्ट तरीही भरावंच लागतं. तुमचा देय कर कमी निघाला तरी ते पैसे परत मागत नाहीत. मात्र दोन्ही वर्षी उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं असेल तर पूर्ण रक्कम रिटर्नबरोबर परत करावी लागते, आणि ती बिनतक्रार करायची. वळवली नसेल तर सवलत देय कराच्या पलीकडे जात नाही. वर्षाचा कर ६,००० असेल तर ६,००० च मिळतील, उरलेले १,५०० पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत. भारतात ८०सी खाली गुंतवणूक दाखवली की करपात्र उत्पन्न कमी व्हायचं. इथे सवलत थेट करातून वजा होते, म्हणून ती इतकी मोलाची आहे.

तू लिहितेस की धाकट्या दिरांनाही आता अशीच गाडी घ्यायची आहे. त्यांना स्पष्ट सांग की नव्या खरेदीला ही संघीय सवलत उरलेली नाही, जुन्या इलेक्ट्रिक गाडीवरची चार हजारांपर्यंतची सवलतही त्याच तारखेला संपली. त्यांना फायदा होऊ शकेल तो कर्जाच्या व्याजाच्या वजावटीचा. २०२५ ते २०२८ या वर्षांत नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत उत्पन्नातून वजा करता येतं. गाडी विजेवरची असो की पेट्रोलची, तिची अंतिम जुळणी मात्र अमेरिकेतच झालेली हवी. शेवरोलेची इक्विनॉक्स ईव्ही मेक्सिकोत बनते. साडेसात हजारांसाठी ती चालत होती, व्याजाच्या वजावटीला ती चालत नाही. एकट्याचं उत्पन्न एक लाखाच्या, जोडप्याचं दोन लाखांच्या वर गेलं की ही वजावटही आटत जाते. तेव्हा तिच्यावर फार मोठी आशा बांधू नये. तीन हजार व्याज आणि बावीस टक्क्यांचा कर धरला, तर वर्षाला वाचतात ६६० डॉलर.

घरी चार्जर बसवायचा तुमचा विचार असेल तर जूनपर्यंत बसवा. खर्चाच्या तीस टक्के, जास्तीत जास्त १,००० डॉलर, अशी सवलत ३० जून २०२६ पर्यंत आहे. ती सगळ्या वस्त्यांना नाही. तुमचा जनगणना विभाग त्यात बसतो का, ते आधी बघा.

माझा आग्रह एकच. गाडी सवलतीसाठी घ्यायची नसते. रोजचा प्रवास, चार्जिंगची सोय आणि खिसा, या तिन्हींना परवडते म्हणून ती घ्यायची. सवलत मिळाली तर वर. सरकारने दिलेला हक्क सोडू नकोस आणि जो आपला नाही त्याला हात लावू नकोस.

या शनिवारी दोघं मिळून बसा. करार, पैसे भरल्याची पावती, स्टिकर, २०२४ चं रिटर्न आणि डीलरचा अहवाल एकाच फाइलमध्ये लावा. पाचही कागद जुळले तर निर्धास्तपणे फॉर्म ८९३६ भरा. एखादा कमी असेल तर तो हाती येईपर्यंत रिटर्न पाठवू नका. १५ एप्रिलपर्यंत वेळ आहे.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
मावशी