रीतसर कोड

तारापूर एमआयडीसीतल्या नीट चालवलेल्या रासायनिक कारखान्यात पाइपांना रंग दिलेले असतात. पाण्याची लाइन समुद्री हिरवी, वाफेची अ‍ॅल्युमिनियमसारखी चंदेरी, हवेची आकाशी, गॅसची पिवळी, आणि आम्ल वाहून नेणारी गडद जांभळी. हे रंग मालकाच्या आवडीनं ठरत नाहीत, ते आयएस २३७९ या भारतीय मानकात ठरवून दिलेले आहेत. त्यामुळे आठवड्यापूर्वी विक्रमगडहून कामाला लागलेला कंत्राटी कामगारही जांभळी लाइन दिसली की हातमोजे घातल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावत नाही. पण रंगांचा आणखी एक उपयोग आहे आणि तो चटकन लक्षात येत नाही. हिरव्या लाइनींच्या रांगेत एखाद्या फ्लँजपुढे रंग बदललेला दिसला की बघणारा थबकतो. तिथे काहीतरी वेगळं आहे, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. बाकीचं सगळं ठरल्याप्रमाणे असतं म्हणूनच ते वेगळेपण डोळ्यांत भरतं.

कोड लिहिण्याच्या रीतींबद्दल मला हेच सांगायचं आहे. रीत पाळल्यानं कोड देखणा होतो हे खरं, पण ती पाळायची ती रीतीबाहेरचं जे असेल ते उठून दिसावं म्हणून. नुसतं असं म्हणून ते पटत नाही, त्यासाठी एक स्क्रिप्ट उघडून बसायला हवं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना आणि सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना ऑनलाइन मापनयंत्रणा बसवायला सांगितलं. औषधं, रंग, कीटकनाशकं, पोलाद हे सगळे त्या यादीत आहेत, म्हणजे तारापूर एमआयडीसी जिथे आहे त्या बोईसरच्या दृष्टीनं ही घरचीच गोष्ट. आउटलेटवर पीएच, सीओडी, टीएसएस आणि प्रवाह मोजणारे मीटर बसले. मंडळाकडे जाणारा डेटा त्याच्या स्वतःच्या वाटेनं जातो. पण सकाळी साहेबांच्या टेबलावर कालच्या दिवसाचा गोषवारा लागतो, आणि तो मीटर काढून देत नाही. तिथे मदतनीस स्क्रिप्ट येते. रात्रीची फाइल उचलायची, रिकाम्या ओळी गाळायच्या, सरासरी काढायची, मर्यादेबाहेरचे आकडे लाल करायचे, एक्सेल तयार करायचं आणि मेल करायचं. इन्स्ट्रुमेंटेशनमधला एखादा हुशार मुलगा सेकंड शिफ्ट संपवून दोन संध्याकाळींत हे जमवतो. दीड वर्षानं तो वापीला किंवा पुण्याला नोकरी धरतो. स्क्रिप्ट मागे राहते आणि रोज सकाळी सहाला चालत राहते. पुढे मी ज्या स्क्रिप्टबद्दल बोलणार आहे ती कुठल्या एका कारखान्याची नाही, पण अशा कामातल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल.

या मुलानं डिप्लोमाला सी शिकलेली असते आणि नंतर गरजेपुरतं पायथन उचललेलं असतं. त्यामुळे त्याचं पायथन सीच्या वळणाचं असतं. फाइलमधल्या ओळींवर फिरायचं तर तो आधी ओळी मोजतो आणि मग आकडा वाढवत एकेक ओळ क्रमांकानं उचलतो. त्याचा लूप एकपासून सुरू होतो आणि एकूण ओळींतून एक वजा करून तिथे थांबतो. पायथनमध्ये शेवटचा आकडा धरला जात नाही, म्हणजे या लूपमध्ये पहिली ओळही सुटते आणि शेवटचीही. पहिली सुटते ते योग्यच आहे, ती मथळ्याची आहे. शेवटची का सोडली? जुना मीटर फाइलच्या तळाशी बेरजेची ओळ छापत असेल. किंवा मुलाची मोजणी एकानं चुकली असेल. किंवा तेव्हा बेरजेची ओळ येत होती आणि मीटर बदलल्यापासून त्या जागी रात्री पावणेबाराचं खरं रीडिंग येतंय, जे रोज मुकाट्यानं गळतंय. दर पंधरा मिनिटांना एक नोंद धरली तर दिवसाच्या ९६ नोंदी होतात आणि स्क्रिप्ट ९५ वर सरासरी काढते. कोडकडे बघून यातलं खरं काय ते कळत नाही, कारण सीच्या वळणाच्या कोडात असे अधिक-एक, वजा-एक जागोजागी असतात. त्या गर्दीत हाही खपून जातो.

पायथनची रीत अशी, की ओळी हातात असतील तर थेट ओळींवर फिरावं, मोजणी मध्ये आणू नये. फाइल सीएसव्ही असेल तर रकाना चौथा की पाचवा असं न मोजता त्याच्या नावानं मागावा. नवा मीटर बसवताना पुरवठादारानं रकान्यांचा क्रम बदलला तर क्रमांकानं वाचणारी स्क्रिप्ट सीओडीच्या जागी टीएसएस वाचते आणि तोंडातून शब्द काढत नाही. नावानं वाचणारी एकतर बरोबर वाचते किंवा अडून बसते. आता वरचा लूप या रीतीनं लिहून पाहा. मथळा सीएसव्ही वाचणारं साधनच वेगळा काढतं, मोजणी उरत नाही. तळाची ओळ खरंच सोडायची असेल तर ती सोडण्यासाठी वेगळी ओळ लिहावी लागते, आणि ती लिहिताना हात थांबतो. का सोडतोय, याचं उत्तर शोधावं लागतं. कॉमेंटमध्ये तेच उत्तर लिहायचं.

मर्यादांचंही तसंच. पीएचची खालची हद्द ५.५ आणि वरची ९ असं मुलानं जिथे लागलं तिथे आकड्यात लिहिलेलं असतं: लाल रंग देताना, मेलच्या विषयात, महिन्याच्या तक्त्यात. आकडे बदलतात. सामायिक केंद्रांची मानकं जानेवारी २०१६ मध्ये बदलली तेव्हा पीएचची हद्द ६ ते ९ झाली. अशा वेळी तीनपैकी दोन जागा सापडतात आणि तिसरी राहते. रीत सांगते की न बदलणारी मूल्यं फाइलच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांतल्या नावानं एकदाच ठेवा. ती पाळली की मधल्या कोडात उघडा ५.५ दिसणं हीच खूण ठरते.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त छळते ती एक छोटी रचना. मीटर कधी रिकामी ओळ देतो, कधी आकड्याच्या जागी एरर असा शब्द देतो. त्या शब्दाचा आकडा करताना पायथन अडतं आणि स्क्रिप्ट बंद पडते. पहाटे साहेबांचा फोन नको म्हणून मुलगा सापडेल ती चूक पकडायची आणि काही न करता पुढे जायचं असं लिहितो. एक्सेप्ट, पुढे कुठल्याही चुकीचं नाव नाही, आणि खाली पास. स्क्रिप्ट पुन्हा कधीच बंद पडत नाही. सेन्सरवर गाळ बसून ९६ पैकी ४० रीडिंग वाया गेली तरी उरलेल्या ५६ ची सरासरी सुबक एक्सेलमध्ये येते, हिरव्या रंगात. कारखान्यांचं पाणी सामायिक केंद्रातून पाइपनं नवापूरच्या समुद्रात जातं. त्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्यांच्या वतीनं अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, ते याच पाण्यासाठी. दोन संध्याकाळींच्या स्क्रिप्टचा त्या प्रकरणाशी संबंध नाही हे मला मान्य आहे. पण त्या पाण्याबद्दलचा कुठलाही आकडा गाळताना गाळणाऱ्यानं किती गाळले एवढं तरी सांगितलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पीईपी ८ हा पायथनच्या लेखनरीतीचा दस्तऐवज गीडो व्हॅन रॉसम, बॅरी वॉर्सॉ आणि अलिसा कॉगलन यांच्या नावावर आहे आणि २००१ पासून चालत आलाय. त्यात चार जागांचा समास आहे, ७९ अक्षरांची ओळ आहे, नावं कशी ठेवावीत ते आहे. बिननावाचा एक्सेप्ट टाळा, हेही त्यातच आहे. कारण असा एक्सेप्ट सगळंच गिळतो, अगदी वापरणाऱ्यानं स्क्रिप्ट थांबवण्यासाठी दाबलेली कळसुद्धा. कोड लिहिला जातो त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा वाचला जातो, हा त्या दस्तऐवजाचा पाया आहे. दर वेळी पीईपी ८ पाळायचाच असं मात्र तो स्वतः म्हणत नाही. रीतीमुळे वाचणं अवघड होत असेल तिथे ती सोडा, असं त्यात स्पष्ट आहे.

पायथन निदान तक्रार करून थांबतं, शेल तेवढंही करत नाही. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम या गेमिंग सॉफ्टवेअरच्या लिनक्स आवृत्तीतली एक मदतनीस स्क्रिप्ट गाजली. स्क्रिप्ट आधी स्वतःचा फोल्डर शोधून त्याचा पत्ता एका व्हेरिएबलमध्ये ठेवायची, आणि काही प्रसंगी त्या फोल्डरखालचं सगळं पुसायची. एकानं फोल्डर हलवला होता. पत्ता सापडला नाही, व्हेरिएबल रिकामं राहिलं, आणि रिकाम्या पत्त्यापुढच्या तिरप्या रेघेखालचं सगळं म्हणजे पूर्ण संगणक. त्याच्या फाइली गेल्या, जोडलेल्या डिस्कवरचा बॅकअपही गेला. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानं कॉमेंट टाकली होती: भीतीदायक! त्याला धोका दिसला होता. तरी ओळ तशीच राहिली.

आपल्या स्क्रिप्टलाही असं शेलमध्ये लिहिलेलं एक शेपूट असतं, जुन्या फाइली हलवणारं आणि पुसणारं. तिथल्या रीती मोजक्या आहेत: व्हेरिएबल अवतरणात ठेवावं, म्हणजे फोल्डरच्या नावात मोकळी जागा असली तरी त्याचे दोन तुकडे होत नाहीत, रिकामं व्हेरिएबल आलं तर तिथेच थांबावं, एक आज्ञा फसली तर पुढची चालू नये. शेलचेक नावाचं मोफत साधन अशा जागा दाखवून देतं. स्टीमसारख्या ओळीवरही ते बोट ठेवतं.

साफसफाई करायची कशी, यावर माझं मत ठाम आहे. पहिल्या दिवशी कोडला हात लावायचा नाही. गेल्या महिन्याच्या मूळ फाइली आणि त्यांतून निघालेले अहवाल बाजूला काढून ठेवायचे. प्रत्येक बदलानंतर स्क्रिप्ट त्याच फाइलींवर चालवायची आणि अहवाल जुळतात का ते बघायचं. मग मांडणी. ब्लॅक किंवा रफसारखं साधन समास, ओळी, अवतरणं एका झटक्यात सारखी करतं, आणि तो बदल गिटमध्ये एकटा नोंदवायचा. त्यात तर्काचा एकही बदल मिसळला तर पुढे शोधणाऱ्याला दोनशे ओळींच्या समासबदलात एक बदललेलं अधिकचं चिन्ह हुडकावं लागतं. त्यानंतर नावं, त्यानंतर तुकडे: वाचणं, तपासणं, हिशोब, लिहिणं ही वेगळी फंक्शनं. वागणूक बदलायची ती सर्वांत शेवटी आणि एकेक करून. तिथे अहवाल जुळणार नाहीत, आणि का जुळत नाहीत ते प्रत्येक वेळी सांगता आलं पाहिजे. एकदाच चालवून टाकून द्यायच्या स्क्रिप्टवर मात्र एवढे कष्ट घेऊ नयेत.

एक धोका आहे, आणि तो नीटनेटक्या माणसालाच जास्त असतो. स्क्रिप्टमध्ये मीटरला विचारण्याआधी दोन सेकंद थांबण्याची एक ओळ असते. दिसायला निरर्थक. साफ करणारा ती काढतो, त्याच्या लॅपटॉपवर सगळं ठीक चालतं, आणि प्लँटमधला जुना कंट्रोलर दर तिसऱ्या विचारणीला गप्प बसायला लागतो. त्या ओळीला कारण होतं, ते फक्त लिहिलेलं नव्हतं. म्हणून रीतीबाहेरची ओळ दिसली की आधी विचारायचं. वापीला गेलेल्या मुलाचा नंबर कुणाकडे तरी असतोच. कारण कळलं की ओळ ठेवायची आणि कारण तिच्याशेजारी लिहायचं.

आणि आता पीएच. साफसफाईपूर्वी हिशोबाचा भाग दीडशे ओळींचा असतो. प्रत्येक मापनासाठी तेच तुकडे चिकटवलेले, व्हेरिएबलांची नावं ए, ए१, टेम्प. प्रयोगशाळेतला केमिस्ट त्याकडे बघतही नाही, तो संगणकवाल्यांचा प्रांत. साफ झाल्यावर तिथे एकच फंक्शन उरतं, नाव सरासरी, आणि त्याखाली चार ओळी: सीओडीची सरासरी, टीएसएसची सरासरी, प्रवाहाची सरासरी, पीएचची सरासरी. केमिस्टला पायथन येत नसलं तरी या चार ओळी वाचता येतात, आणि चौथीवर तो अडतो. पीएच लॉगॅरिदमचं माप आहे. ते एकानं उतरलं म्हणजे आम्लता दसपट वाढली. पीएच ४ चं आणि ८ चं रीडिंग यांची साधी सरासरी ६ येते, मर्यादेच्या आत. हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावरून काढली तर ती ४.३ च्या आसपास येते. सांडपाण्यात इतर क्षारही असतात, त्यामुळे दोन्ही पाणी खरोखर मिसळल्यावर नेमकं काय होईल हे यातल्या कुठल्याच आकड्यावरून सांगता येत नाही. पण दिवसभरात एकदा ४ आला होता, हे साध्या सरासरीत पूर्ण बुडतं.

हा दोष पहिल्या दिवसापासून स्क्रिप्टमध्ये होता. ब्लॅकनं तो दाखवला नसता आणि शेलचेकनंही नाही, कारण भाषेच्या दृष्टीनं त्या ओळीत काहीच चूक नाही. बाकीच्या तीन ओळी तिच्याशेजारी तशाच्या तशा आल्या तेव्हा चौथीचं वेगळेपण दिसलं, आणि तेही ज्याला पीएच कळतो त्याला. अहवालात मग पीएचपुढे सरासरी राहत नाही. दिवसातला सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा, तो किती वाजता आला ते, आणि ९६ पैकी किती रीडिंग हाती लागली ते, असे रकाने येतात.