भाषेच्या तासाला फोन कशासाठी?

मराठीचे शिक्षक नव्या साधनांना बिचकतात, ही तक्रार प्रशिक्षण वर्गांत आणि अधिकाऱ्यांच्या बैठकांत नेहमी ऐकू येते. मला ती पटत नाही. हेच शिक्षक दिवसभर फोनवर असतात. ‘सरल’, ‘यू-डायस’, ‘शालार्थ’ या सरकारी प्रणालींत माहिती भरणे, कार्यक्रमांचे फोटो, ‘माहिती आजच पाठवा’ असे निरोप, हे सगळे ते सांभाळतात आणि तेही बहुधा स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर. साधनाची भीती असती तर एवढे काम उरकलेच नसते. खरी अडचण ही की यंत्र त्यांच्या हाती आधी आले ते हिशेब मागायला. शिकवायला त्याचा उपयोग होतो हे त्यांना नंतर कळवले गेले, बऱ्याचदा आदेशातूनच.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, ते वरून फर्मान आले म्हणून नव्हे. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकाची भाषा वेगळी, ही त्यांच्या वर्गाची अडचण होती. पुस्तकाचा अनुवाद आणि त्याला जोडलेल्या ध्वनिमुद्रित कविता हा त्यावरचा त्यांचा उपाय होता. पुढे बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत कोड छापले गेले, २०१७ मध्ये केंद्राचे ‘दीक्षा’ हे शैक्षणिक व्यासपीठ आले, २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. पण एका शिक्षकाने आपल्या मुलांकडे बघून शोधलेली गोष्ट सगळ्या वर्गांत आयती पोचली, तेव्हा ते मुलांकडे बघणे मागेच राहिले.

कवितेचा तास घ्या. बाई कविता म्हणतात, पावसाच्या ओळीवर थांबतात आणि विचारतात, ‘तुम्हाला काय दिसलं?’ एकाला गळके छप्पर दिसते, एकीला आजोळचा ओढा. या उत्तरांतूनच कविता मुलांची होते. पडद्यावर मात्र ढग, मोर आणि संगीत तयारच असते. वर्ग शांत बसतो आणि ती शांतता बघून तास छान झाला असे पाहुण्यांना वाटते. ज्या बाई असा व्हिडिओ मध्येच बंद करतात, त्यांना जुनाट ठरवणे अन्यायाचे आहे. आपले काम काय आहे हे त्यांना नेमके कळलेले असते.

दुसरीकडे, जिथे शिक्षकाने खरोखर लक्ष घालावे तिथे कोणी त्याचे मत विचारत नाही. आठवीतला मुलगा फोनवर निबंध लिहितो तेव्हा रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवतो. डी, आय, एन दाबले की पट्टीवर ‘दिन’ आणि ‘दीन’ असे पर्याय येतात. तो पहिल्यावर बोट ठेवून पुढे जातो. ह्रस्व-दीर्घाचा विचार त्याने केलेलाच नसतो. इन्स्क्रिप्ट या देवनागरी कळफलकावर दोन्ही वेलांट्यांच्या कळा वेगळ्या आहेत, त्यामुळे तिथे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. मुलांनी कोणत्या कळफलकावर लिहायला शिकावे, हा प्रश्न शुद्धलेखनाच्या कोणत्याही नियमाइतकाच भाषेच्या शिक्षकाचा आहे. प्रशिक्षणात तो येत नाही. तिथे खाते कसे उघडायचे आणि प्रमाणपत्र कसे उतरवून घ्यायचे हे शिकवतात.

उपयोगाच्या गोष्टी नाहीत असे मुळीच नाही. बालभारतीने १९७१ पासूनचे ‘किशोर’ मासिकाचे अंक इंटरनेटवर खुले केले आहेत. मराठी विश्वकोश आहे, जुने शब्दकोश आहेत. ग्रंथालय नसलेल्या गावातल्या शिक्षकाला याहून मोठी देणगी कोणती? पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचे साधन आहे फोनमधला साधा ध्वनिमुद्रक. अडखळत वाचणारी मुलगी आपलेच वाचन ऐकते, कुठे श्वास तुटला ते तिला स्वतःला कळते आणि ती न सांगता पुन्हा वाचते. त्याला नेटवर्क लागत नाही, आणि अहिराणी किंवा वऱ्हाडी बोललेलेही तो जसेच्या तसे जपतो.

हाच ध्वनिमुद्रक परीक्षेतही कामी येईल. दहावीच्या भाषा विषयांचे, तोंडी परीक्षेवर शाळांनी द्यायचे अंतर्गत गुण २०१९ च्या परीक्षेला काढून टाकले होते. शाळा ते सढळ हाताने देतात, हा आक्षेप होता. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला आणि लगेच पुढच्या परीक्षेपासून ते गुण परत दिले गेले. तोंडी परीक्षेचे ध्वनिमुद्रण ठेवले तर हा संशय बराचसा मिटेल, मुलांना बोलते करण्यालाही वजन येईल. मात्र साठ मुलांचे दोन-दोन मिनिटांचे वाचन ऐकायला दोन तास लागतात आणि वेळापत्रकात ते कुठेच नाहीत. ते माहिती भरण्याच्या कामातून काढून द्यावे लागतील. भाषेच्या शिक्षकाने डिजिटल व्हावे असे ज्यांना वाटते, त्यांनी आधी हे दोन तास मंजूर करावेत.