बघता बघता

जून लागला की रेवदंड्याच्या किनाऱ्यावर होड्या ओढून शाकारून ठेवलेल्या दिसतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. दर्या खवळलेला, मासळी अंड्यांवर आलेली, माणसं घरी. पण हात रिकामे नसतात. ओट्या-पडव्यांवर जाळी पसरलेली असतात आणि उजाडल्यापासून त्यांच्याभोवती माणसं मांडी ठोकून बसलेली असतात.

अशाच एका सकाळी एका पडवीत आजोबा आणि सात-आठ वर्षांचा नातू जाळं घेऊन बसलेले पाहिले. आजोबांनी जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणून धरलं होतं. उजव्या हातात दोरा भरलेली सुई. फाटलेल्या जागी सुई आत जायची, वळसा घ्यायची, बोटाचं माप धरून गाठ बसायची. आजोबा एक शब्द बोलत नव्हते. पोरही काही विचारत नव्हतं. त्याच्या हातात सुई नव्हती, तरी त्याची बोटं स्वतःच्या मांडीवर हलत होती. आत, वळसा, गाठ. पायाचा अंगठासुद्धा आजोबांसारखाच ताणलेला. पावसाची सर आली आणि गेली, दोघांनाही तिचा पत्ता नव्हता.

त्या बोटांचं कोडं विज्ञानाला थोडंफार उलगडू लागलं ते इटलीतल्या पार्मा शहरात. जाकोमो रिझोलाती आणि त्यांचे सहकारी माकडाच्या मेंदूतल्या, हाताची हालचाल आखणाऱ्या भागातल्या पेशी तपासत होते. माकडाने खाऊ उचलला की एखादी पेशी चेतायची, यात नवल नव्हतं. नवल हे होतं की समोरच्या माणसाने खाऊ उचलला आणि माकड नुसतं बघत बसलं, तरी त्यांतल्या काही पेशी तशाच चेतायच्या. हात दुसऱ्याचा, आणि हाक आपल्या मेंदूत! १९९२ साली हे निरीक्षण प्रसिद्ध झालं आणि पुढे या पेशींना ‘मिरर न्यूरॉन’, म्हणजे आरसा-पेशी, हे नाव पडलं. आपले तमिळनाडूत जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी २००० साली लिहिलं की डीएनएने जीवशास्त्रासाठी जे केलं, ते या पेशी मानसशास्त्रासाठी करतील. दुसऱ्याचं दुःख आपल्यात उमटवणाऱ्या या पेशींना ते ‘गांधी न्यूरॉन’ असंही म्हणाले. नाव सुंदर आहे. पण एवढं सगळं श्रेय पेशींना द्यायला माझं मन धजत नाही.

कारण असं की या पेशी ज्या माकडांत सापडल्या, ती माकडं अनुकरणात फारशी हुशार नाहीत. टोपीवाल्याची गोष्ट आपण सगळेच ऐकत वाढलो, पण खऱ्या माकडांना बघून नवीन कसब उचलणं जवळजवळ जमत नाही. माणसाच्या पोराला जमतं. म्हणजे पेशी असणं पुरेसं नाही. त्या पेशींना काहीतरी शिकवावं लागतं.

लंडनमध्ये झालेला, २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला इथे फार मोलाचा वाटतो. बॅले नाचणारे आणि कापोएरा हा ब्राझीलचा लढाऊ नृत्यप्रकार करणारे, अशा दोन्ही तऱ्हेच्या नर्तकांना दोन्ही नाचांची तीच चित्रफीत दाखवली आणि त्यांचे मेंदू तपासले. ज्याने जो नाच अंगी मुरवला होता, तो बघताना त्याचा मेंदू अधिक जागा झाला. डोळ्यांपुढे सगळ्यांच्या तेच होतं, पण ज्याच्या अंगात ते आधीच होतं त्याला ते जास्त दिसलं. त्या पडवीत नेमकं हेच घडत होतं. पोराने आधी कधीतरी, चुकतमाकत का होईना, सुई धरलेली असणार. म्हणून त्याची बोटं हलत होती. माझी बोटं मात्र छत्रीच्या मुठीवर निवांत होती. मला नुसतं जाळं दिसत होतं.

मग एक क्षण असा आला की दोरा कापताना आजोबांची सुरी निसटली आणि बोटाला लागली. पोराने झटकन स्वतःचं बोट मुठीत घेतलं. मीही घेतलं! पण पुढच्याच क्षणी पोर उठून आत धावलं आणि पाणी आणि फडकं घेऊन आलं. बोट धरणं आणि फडकं आणणं यांतला फरक समजायला आणखी एक अभ्यास मदत करतो. लॉस एंजेलिसमध्ये अपस्माराच्या २१ रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी बसवलेल्या तारांमधून एकेका पेशीची नोंद घेतली गेली आणि ती २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यात काही पेशी स्वतः कृती करताना आणि दुसऱ्याची बघताना, दोन्ही वेळा चेतत होत्या. पण काही अशाही होत्या, की स्वतः करताना चेतायच्या आणि बघताना उलट मंदावायच्या. हा हात आपला नव्हे, हे भान राखण्याचं काम त्या करत असाव्यात, असा संशोधकांचा कयास आहे. मला तो पटतो. दुसऱ्याची कळ नुसतीच आपली झाली असती, तर पोर स्वतःचं बोट धरून बसलं असतं. कळ पोहोचली आणि बोट आजोबांचं आहे हेही कळलं, म्हणून फडकं आलं.

बघून उचलणं हातांपुरतंच नसतं, भाषेतही असतं. रेवदंड्याहून कुंडलिका खाडीच्या पलीकडे कोर्लई गाव दिसतं. तिथला किल्ला पोर्तुगिजांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतला आणि १७४० साली मराठ्यांच्या जोरापुढे हा सगळा मुलूख सोडला. राज्य गेलं, जहाजं गेली. मागे राहिली ती चर्चला जाणारी, शेती करणारी काही घरं आणि त्यांच्या तोंडची बोली. ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा. २८० वर्षांहून जास्त काळ ती टिकली आहे. तिला स्वतःची लिपी नाही, शाळेत ती कुणी शिकवत नाही, बोलणारे हजाराच्या आसपास. आईचे ओठ बघत पोरं ती उचलत आली, एवढाच तिचा आधार. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर आख्खा ग्रंथ लिहिला आहे. त्यातली एक गोष्ट वाचून मी थबकलो. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसलेलं. म्हणजे ही पोरं आईचे ओठ बघत होती, तशी शेजारच्या अंगणातल्या सवंगड्यांचेही बघत होती. कुणी ठरवलं नाही, आणि वाक्याने कूस बदलली. आरसा असं करत नाही. समोरचं रूप जसंच्या तसं परत देणं त्याला ठाऊक. माणूस घेतलेलं स्वतःच्या अंगाला बसेल असं करून पुढे देतो. म्हणून ‘आरसा-पेशी’ हे नाव मला तोकडं वाटतं.

या सगळ्याला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे हाताच्या अंतरावर बसलेलं माणूस. ते आता घराघरांत कमी होत चाललंय याची मला खरीखुरी काळजी वाटते. पोरांना आपण दाखवतो पुष्कळ, पण हातात देत नाही. सांडेल म्हणून, लागेल म्हणून, शाळेला उशीर होईल म्हणून.

कोर्लईचा किल्ला बघायला जाल तेव्हा गावातून सावकाश जा, दारातलं बोलणं कानावर पडू द्या. आणि भाकरी थापताना लेकरू शेजारी येऊन उभं राहिलं, तर त्याला बाजूला सारू नका. पिठाचा एक गोळा त्याच्या हातात द्या.